तार काढून दाखवा

धुळे-सोलापूर महामार्गाला जालना-अंबडकडून येणारा रस्ता वडीगोद्रीत मिळतो. रस्ते मिळतात तिथे विक्रेते उतरतात. पूर्वी बियाण्यांचे उतरायचे, मग फवारणीच्या औषधांचे, मग विम्याचे. आता पाळी लॅपटॉपवाल्यांची. त्यांच्या पिशवीत 'हायब्रिड क्लाउड' आहे. यातला ढग गावाला परका नाही, आणि हायब्रिड तर कपाशीमुळे चांगलंच ओळखीचं. पहिल्या वर्षी पीक जोरात, दुसऱ्या वर्षी बियाणं पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यायचं. क्लाउडचंही तसंच, फक्त इथे दुसरं वर्ष पुढच्या महिन्याच्या एक तारखेलाच उगवतं.

मामला साधा आहे. थोडा हिशेब आपल्या कपाटातल्या यंत्रावर ठेवायचा, बाकीचा लांबच्या भाड्याच्या सर्व्हरवर, आणि दोन्ही एकमेकांशी बोलत राहतील एवढी सोय करायची. आपल्या दुकानदारांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय. रोजकीर्द गल्ल्याजवळ, खतावणी घरात. फरक इतकाच, की संध्याकाळी दोन्ही वह्यांचा मेळ बसवला जायचा आणि तफावत निघाली तर कान कुणाचा धरायचा हे ठरलेलं असायचं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सगळं सापडतं. हा कान तेवढा सापडत नाही.

आता 26 फेब्रुवारी 2024 आठवा. मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. वडीगोद्री याच तालुक्यातली. संचारबंदी तालुक्यापुरती होती, पण इंटरनेट जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन जिल्ह्यांचं थांबवलं गेलं. आंदोलनाचं आणि बंदीचं बरोबर-चूक इथे बाजूला ठेवू. प्रश्न वहीचा आहे. संचारबंदीबाहेरच्या गावात दुकान उघडं, गिऱ्हाईक समोर, पैसे त्याच्या खिशात, आणि त्याची उधारी किती हे मात्र नेट आल्यावर कळणार. सगळा हिशेब ढगात ठेवणाऱ्याला त्या दिवशी जमिनीची किंमत कळली असेल.

म्हणून सगळं घरातच ठेवावं, असंही नाही. घरच्या सर्व्हरचं वैभव आपण पाहिलेलं आहे. जिन्याखालची जागा, वर धुळीची साय, बॅटरी मेलेला यूपीएस, पासवर्ड स्क्रीनलाच चिकटवलेला. बॅकअप विचारला तर तो त्याच यंत्रात, शेजारच्या फोल्डरमध्ये. जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तसा. तेव्हा हायब्रिड हे औषध वाईट नाही. मात्रा कोण ठरवतं, एवढाच वाद आहे. विक्रेता म्हणतो, दोन्हीतलं चांगलं मिळेल. बहुतेकांना मिळतात ती दोन्हीकडची बिलं.

दुसऱ्याच्या यंत्रावर विसंबण्याचा धडा 31 जुलै 2024 ला मिळाला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही छोट्या बँकांना यंत्रणा पुरवणारी कंपनी. तिच्यावर खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला, आणि लागण पसरू नये म्हणून देशातल्या पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यातून तोडलं. सुमारे 300 छोट्या बँकांचे ग्राहक अडकले, सहकारी आणि ग्रामीण बँकांचे. खात्यात पैसे होते, फक्त ते हलत नव्हते. गंमत पुढे आहे. आयटीचं काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हा रिझर्व्ह बँकेचा सविस्तर नियम एप्रिल 2023 चा. त्यातून ग्रामीण बँका आणि छोट्या नागरी सहकारी बँका वगळलेल्या होत्या. छत्री मोठ्यांना, पाऊस सगळ्यांना.

सरकार यात मागे नाही. महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडचं धोरण जानेवारी 2018 मध्येच आणलं. केंद्राने जून 2022 मध्ये 63,000 विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपये मंजूर केले. सॉफ्टवेअर एकच, तेही क्लाउडवर. चांगलं आहे. गटसचिवाच्या डोक्यात आणि लाल कापडात बांधलेला हिशेब उजेडात येत असेल तर नाही कशाला म्हणा? पण सोसायटीच्या दारात कर्जाला उभा राहिलेला माणूस पेरणी सोडून आलेला असतो. त्याला 'सर्व्हर डाउन आहे' हे उत्तर रेशन दुकानाने आधीच पाठ करून दिलंय. तेच आणखी एका खिडकीत ऐकवण्यासाठी 2,516 कोटी जरा जास्त होतात.

खर्चाचंही ऐका. भाड्याच्या ढगात माहिती चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, पण ती मोठ्या प्रमाणात खाली उतरवायला पडतात. गोदामात पोतं टाकायला हमाली नाही, काढायला आहे! अमेरिकेतल्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने 2022 मध्ये हिशेब मांडला आणि क्लाउड सोडून स्वतःचे सर्व्हर घेत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे हिशेब मांडणारी माणसं होती. आपल्याकडे बिल आल्यावर भाच्याला फोन लावतात, कारण त्याने बीसीए केलंय.

म्हणून कृषी सेवा केंद्र असो, पतसंस्था असो की जिनिंग, सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर खरा कुठला धरायचा. करार मोडला तर आपली वही किती दिवसांत, किती पैशांत आणि कुठल्या रूपात परत मिळणार. आणि रात्री दोनला बंद पडलं तर फोन कुणी उचलायचा; त्या माणसाचं नाव हवं, टोल फ्री नंबर नको.

चौथी गोष्ट कागदावर घ्यायची नाही, डोळ्यांनी बघायची. विक्रेता रंगीत स्लाइड दाखवायला लागला की त्याला चहा द्या आणि सांगा, बाबा, नेटची तार काढ आणि एक पावती फाडून दाखव. पावती निघाली तर सही करा. नाही निघाली तर चहाचे पैसे तेवढे गेले, स्वस्तात सुटलात.