एका लॉकासाठी अख्खं इंजिन

पनवेलच्या काही गॅरेजांत एक खूळ अजून टिकून आहे आणि त्याची स्तुती कुणीतरी करायलाच हवी. बुलेटचा पिस्टन बसवताना गजन पिनचं लॉक बोटांतून निसटून चेंबरात, म्हणजे खाली क्रँकच्या पोटात पडलं, की तिथला मिस्त्री हातातलं काम थांबवतो आणि ते सापडेपर्यंत ब्लॉक चढवत नाही. लॉक म्हणजे स्प्रिंगच्या तारेची एक तुटक कडी. नवं काही रुपयांत मिळतं. तरी हा त्या पडलेल्या एकाच्याच मागे लागतो.

शहाण्या मिस्त्रीचं तसं नसतं. तो डब्यातून दुसरं लॉक उचलतो, बसवतो, ब्लॉक आणि हेड चढवतो, नट आवळतो, किक मारतो. इंजिन सुरू होतं, आवाजही गोड येतो. पडलेलं लॉक तळाशी ऑइलमध्ये बसून राहील, पुढच्या वेळी ऑइल बदलताना निघेल, असा त्याचा हिशेब. तो कधीकधी जुळतोही, म्हणून तर त्याला शहाणा म्हणतात. गिऱ्हाईक ठरल्या वेळी गाडी घेऊन जातं आणि त्याचं नाव चार जणांना सांगतं.

खुळा आधी टॉर्च मागवतो. मग मॅग्नेटची कांडी आत घालून हळूहळू फिरवतो. कांडी नसेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक फोडून त्याचा तुकडा तारेला बांधतो. लॉक पोलादाचं, ते चुंबकाला येतं. पण पडलेली वस्तू तांब्याचा वायसर असेल, ॲल्युमिनियमची कपची किंवा गॅस्केटचा तुकडा असेल, तर चुंबकाचा काही उपयोग नाही. मग स्पोकचं टोक वाकवायचं, त्याला घट्ट ग्रीस लावायचं आणि वस्तू चिकटवून वर आणायची. तेही फसलं तर खालचा बोल्ट काढून ऑइल फडक्यातून गाळायचं, वरून डिझेल सोडून चेंबर धुवायचा. तरीही नाही निघालं तर इंजिन फ्रेममधून उतरवून उलटं करायचं आणि हलवायचं. आत काही वाजलं, तर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो नवी गाडी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरही दिसत नाही. नाहीच वाजलं, तर क्लच, मॅग्नेटो उतरवून चेंबरचे दोन भाग वेगळे करायचे. हाफ इंजिनचं काम फुल इंजिनवर जातं. पॅकिंग नवीन लागतात, आणि चूक स्वतःची म्हणून या जादा मेहनतीचा एक पैसाही तो लावत नाही. धंद्याच्या दृष्टीने याहून मोठं खूळ नाही.

या खुळाला आधार काय, तेही पाहू. जुन्या लोखंडी बुलेटमध्ये गिअरबॉक्स वेगळा होता. नंतरच्या युनिट इंजिनात क्रँक, क्लच आणि गिअर एकाच ऑइलात फिरतात. तळाला बसलेलं लॉक तिथेच बसून राहील, याची हमी कोण देणार? एखाद्या वळणावर गाडी कलते, ऑइल हिंदकळतं, लॉक गिअरच्या दोन दात्यांमध्ये जातं. दाता तुटला तर नशीब चांगलं म्हणायचं. गिअर अडकला, तर चालत्या गाडीचं मागचं चाक जागीच जाम होतं. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलेला माणूस कर्नाळ्याच्या वळणावर असतो, मागे ट्रेलर असतो, सीटवर बायको किंवा मूल बसलेलं असतं. शहाण्याच्या हिशेबात ही माणसं धरलेली नसतात. खुळ्याच्या डोळ्यांपुढे तीच असतात.

वरून, प्लगच्या भोकातून काही पडलं तर ते आणखी वाईट. 346 सीसीच्या युनिट बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर. पिस्टन अगदी वर आला की वरती उरते ती जागा साधारण 46 मिलिलिटर, एका कटिंगपेक्षाही कमी. 3000 आरपीएमला पिस्टन तिथे सेकंदाला 50 वेळा येतो. त्या जागेत नट पडला असेल तर त्याला पळायला वाट नसते. तो पिस्टनवर आणि हेडवर आपटत राहतो, व्हॉल्व्ह वाकवतो, ब्लॉकला चरे पाडतो. म्हणून खुळे मिस्त्री प्लग काढण्याआधी भोवतीची माती हवेने उडवतात, आणि लॉक बसवण्याआधी चेंबरच्या तोंडात चिंधी कोंबतात. त्यातले अधिक खुळे नंतर चिंध्याही मोजतात.

हेच खूळ दुसरीकडे नियम म्हणून पाळलं जातं. ऑपरेशन संपवताना सुया, हत्यारं आणि कापसाचे बोळे मोजायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या तपासणी यादीत आहे. पनवेलजवळ उलव्याला 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथेही विमानाच्या कामात पाना हरवला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नसतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या एका ए380 विमानात डिसेंबर 2023 च्या तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार इंजिनातच राहिलं. हरवलेलं हत्यार शोधण्याची पद्धत सुरू न करताच विमान सोडलं होतं. ते 34 उड्डाणं आणि सुमारे 294 तास उडालं, आणि 1 जानेवारी 2024 ला लॉस एंजेलिसमध्ये ते हत्यार सापडलं. काही झालं नाही. शहाण्यांना हा दाखला फार आवडेल. पण तो नशिबाचा दाखला आहे, पद्धतीचा नाही.

पनवेलला हे खूळ शोभतं. इंग्रजांच्या काळातल्या इंपीरियल गॅझेटियरने इथला मुख्य धंदा गाडीची चाकं बनवण्याचा असल्याचं लिहून ठेवलं आहे. देशावरून आलेला गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जायला बघायचा. ते चाक बोरघाट चढून जायचं. वाटेत आरा सुटला तर बनवणारा तिथे नसायचा. गाडी नजरेआड गेल्यावरही तिची काळजी वाटणं, हाच त्या कारागिरीचा पाया होता.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकात पढतमूर्खालाही वेगळी जागा दिली. आत काय पडलंय हे ठाऊक असून किक मारणारा कुठे बसतो, ते वाचकांनी ठरवावं.

तुमच्या मिस्त्रीने कधी फोन करून सांगितलं, की लॉक आत पडलंय, चेंबर खोलावा लागेल, गाडी आज मिळणार नाही, तर त्याच्यावर ओरडू नका. पडल्याचं त्याने तुम्हाला सांगितलं, एवढ्यावरूनच तो विश्वासाचा आहे. त्याचा पत्ता जपून ठेवा आणि त्या दिवशी रिक्षाने घरी जा.