दिवा गेला, रंग आला

शिरोळात हिवाळा म्हणजे सकाळी मफलर आणि दुपारी पंखा. काळी माती, कृष्णा-पंचगंगेचं पाणी आणि असली सोसवणारी थंडी. फुलांना आणखी काय हवं? पण आमच्या तालुक्याचं फुलांशी जरा वाकडंच आहे. नृसिंहवाडीला ज्या औदुंबराला आम्ही हात जोडतो, त्यानं आपली फुलं फळाच्या पोटात दडवलेली. आणि मार्गशीर्षात सगळं शिवार ज्या फुलानं रुपेरी होतं, ते दिसताच शेतकरी कपाळाला हात लावतो.

उसाचा तुरा. पुण्याचे आमचे जावई तो बघून गाडी थांबवतात, उतरतात आणि आपण काश्मिरात असल्यासारखे फोटो काढतात. एकदा बांधावर उभे असलेले अण्णा म्हणाले, "फोटो काढा पावणं, पर छान म्हनू नका." कारण तुरा आला की उसाची वाढ संपली. तोड लवकर मिळाली तर ठीक. नाहीतर पांगशा फुटतात, दशी पडते, ऊस पोकळ होतो, वजन घटतं. सौंदर्य टनावर मोजायची वेळ आली की रसिकता टिकत नाही.

राहता राहिलं माझं परसू. कोरांटी काही न मागता फुलते, म्हणून तिचं कुणाला कौतुक नाही. शेवंतीला काठीचा आधार, शेंडेखुडणी आणि रोजची चौकशी लागते, म्हणून ती घरची लाडकी. संक्रांतवेल मात्र वक्तशीर; पौषात कुंपणावर केशरी फुलांचा असा लोट सोडते की खालचं पत्र्याचं फाटक झाकून जातं. (फाटकाचा रंग वाचला, हा माझा हिशेब.) या सगळ्यावर पहाटे धाड पडते. एरवी फुलं नेणारी माणसं ओळखता येतात, पण थंडीत सगळेच माकडटोपीत. हातात आकडी, दुसऱ्या हातात पिशवी. हटकलं तर उत्तर ठरलेलं : "देवाला पायजेत, गुरुजी." देवाला एवढी पिशवीभर लागतात, हे देवाला कुणी सांगितलंय का कोण जाणे.

धाडीतून वाचतो तो फक्त पॉइन्सेटिया. मूळचा मेक्सिकोचा, देवाला चालत नाही. त्याचा लाल भाग म्हणजे फूल नव्हेच, पानं ती. खरी फुलं मधली पिवळी बुटुकली. रोपवाटिकेवाल्यानं "थंडीत लालभडक हुतंय" म्हणून दिलेलं हे झाड वर्षानुवर्षं आमच्याकडे हिरवंगार आणि निर्विकार उभं होतं. शेणखत घातलं, पेंड घातली, सौभाग्यवतींनी टोमणेही घातले. काही नाही.

भानगड डोक्यावर होती. या झाडाला दिवस लहान झाले की रात्रीचा सलग अंधार लागतो, तेव्हा कुठे ते रंगावर येतं. आणि आमच्या फाटकासमोरच्या खांबावरचा दिवा रात्रभर त्याच्यावर जळत होता. बिचाऱ्याला कार्तिक लागल्याचं कळणार कसं?

गेल्या वर्षी नवरात्र संपलं आणि दिवा गेला. समोरच्या काकू रोज फाटकाशी यायच्या. "गुरुजी, तुमच्या ओळखी हाईत. जरा अर्ज द्या की. अंधारात पायाखाली किरडू आलं म्हंजे?" मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात लिहिला. मग शुद्धलेखन तपासायला ठेवून दिला. शुद्धलेखनाची घाई करू नये, असं मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो. काकूंना मात्र रोज रात्री बॅटरी घेऊन घरापर्यंत सोडलं. अगदीच बेजबाबदार नव्हतो.

दत्तजयंतीच्या सुमारास झाड पेटलं. रस्त्यावरून जाणारी उसाची ट्रॅक्टर-ट्रॉलीसुद्धा तिथं जरा दबकून जाऊ लागली. (सौभाग्यवतींच्या मते ती गतिरोधकामुळे.) मग मी अर्ज दिला, दिवा लागला, आणि काकूंनी गल्लीभर माझ्या वजनाचं कौतुक केलं.

अण्णा झाड बघायला आले तेव्हा मी त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. शेवंतीची शेती करणारे रात्री बल्ब लावून कळी कशी लांबवतात, तेही सांगितलं. तुऱ्याचा निर्णयही ऊस असाच रात्रीच्या लांबीवरून पावसाळ्याच्या अखेरीस घेतो. हवाई बेटांवरच्या संशोधकांनी मध्यरात्री उजेड पाडून तुरा थोपवूनही दाखवला होता. अण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"म्हंजे उसात डांब रवून लाईट लावली तर तुरा येत न्हाई?"

"तत्त्वतः नाही."

"पर आमच्या मोटारीच्या लाइनीला एक आठवडा रातची लाईट, एक आठवडा दिसाची," अण्णा म्हणाले. "दिसाच्या आठवड्यात तुरा निघाला तर अर्ज तुमीच लिवनार न्हवं? मग ऱ्हाऊ दे. तुमचं शुद्धलेखन हुईस्तवर खोडवा येतोय."