ऑपरेटर, १ नग, एम.एस.

भोसरीत आमच्याकडे एसपीएम बनतात. म्हणजे स्पेशल पर्पज मशीन: एका गिऱ्हाइकासाठी, एका कामासाठी, एकदाच बनणारं आणि पुन्हा ऑर्डर आली की ड्रॉइंग न सापडणारं. ड्रॉइंग नसतं असं नाही. ते सर्व्हरवर कुणाच्या तरी नावाच्या फोल्डरमध्ये असतं आणि तो कुणीतरी नोकरी सोडून चाकणला गेलेला असतो. मग त्याला फोन लावायचा, ‘अरे, त्या बेअरिंग प्रेसिंगच्या मशीनचं लेटेस्ट कुठलं रे?’ तोही बिचारा नव्या कंपनीतल्या मीटिंगमधून बाहेर येऊन सांगायचा. ही व्यवस्था फुकट होती आणि चालत होती. मला ती बघवली नाही.

एका प्रदर्शनात मी पीएलएमचा, म्हणजे प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरचा, डेमो पाहिला होता. कॅडमध्ये असेंब्ली सेव्ह केली की पलीकडे आपोआप पार्ट नंबर पडतात, बीओएम म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी तयार होते, परचेसला दिसतं, रिव्हिजन बदलली की सगळ्यांना कळतं. मधे माणूस नाही. हे ‘मधे माणूस नाही’ मला फार आवडलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर त्या वाक्यापाशीच उठलो असतो.

साहेबांना पटवायला मी एअरबसची गोष्ट तयार केली. ए-३८० विमानात ५०० किलोमीटरच्या वर वायरिंग. हॅम्बुर्गचे डिझायनर कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या व्हर्जनवर, तुलूझचे पाचव्या. दोन्हीकडच्या मॉडेलांचा मेळ नीट बसला नाही. हॅम्बुर्गहून हार्नेस तयार होऊन आले आणि तुलूझला विमानात ओढताना वायरी आखूड पडायला लागल्या. २००६ मध्ये वेळापत्रक पार कोलमडलं आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हातात पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. हे मी स्लाइडवर लाल अक्षरांत दाखवलं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. ‘आपल्या वायरी आखूड पडतात?’

‘अजून नाही, सर.’

‘मग पडायच्या आत करून टाका.’

कन्सल्टंट आला आणि पहिलंच भूत बोल्टांचं निघालं. एम-८ चा २५ लांबीचा बोल्ट आमच्या मॉडेलांमध्ये डिनच्या नावाने होता, आयएसओच्या नावाने होता, आयएस १३६४ च्या नावाने होता आणि एका ठिकाणी नुसता ‘बोल्ट छोटा’ होता. सगळ्यांना पाना १३ चाच लागतो, वर्कशॉपला फरक पडत नाही. सिस्टिमने मात्र प्रत्येकाला वेगळा पार्ट नंबर दिला. स्टोअरच्या काकांनी एकाच रॅकमधल्या एकाच खोक्यावर नवी लेबलं एकाखाली एक चिकटवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर रॅककडे वळवली.

मग आलं मॅपिंग. कॅडमधल्या कुठल्या रकान्यातली माहिती पीएलएमच्या कुठल्या रकान्यात जायची, याचं हे एक्सेल. सगळ्या प्रकरणाचा जीव या एक्सेलमध्ये असतो, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मी ते जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हाताने भरलं. प्रश्न साधे होते. मटेरियलचा रकाना रिकामा असेल तर काय धरायचं? आमचं बहुतेक काम माइल्ड स्टीलमध्ये. लिहिलं: एम.एस. वजन कुठून घ्यायचं? आकारमान गुणिले घनता, कॅडच काढतं. पार्ट घरी करायचा की विकत आणायचा, हे सिस्टिमने कसं ओळखायचं? इथे मी जरा विचार केला आणि स्वतःवरच खूश होऊन लिहिलं: ज्याचं ड्रॉइंग आहे तो घरी, ज्याचं नाही तो बाय-आउट. कन्सल्टंट म्हणाला, ‘वा, लॉजिक क्लिअर आहे.’

गो-लाइव्हसाठी एका प्रेसिंग मशीनची असेंब्ली निवडली. मी स्वतः, साहेबांच्या देखत, रिलीजचं बटण दाबलं. चहा झाला. फोटो झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परचेसच्या मॅडमचा फोन. ‘सर, हे ऑपरेटर काय आहे?’

‘ऑपरेटर पॅनेल असेल.’

‘पॅनेल वेगळं आहे. हे नुसतं ऑपरेटर. १ नग, एम.एस., वजन ५५० किलो, बाय-आउट. मी काल तळवड्याच्या फॅब्रिकेटरला एन्क्वायरी टाकली. तो विचारतोय, सॉलिडच पाहिजे का? म्हणतो, ३ एमएम शीटमध्ये पोकळ करून देतो, स्वस्त पडेल.’

मी असेंब्ली उघडली. मशीनसमोर माणूस उभा होता. दोन्ही हात पुढे करून, दोन्ही हिरव्या बटणांवर तळवे टेकवून. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं की बटणांपर्यंत ऑपरेटरचा हात नीट पोचतो का ते दाखवा, म्हणून आमच्या पोराने नेटवरून एक पुतळा उतरवून तिथे उभा केला होता. पुतळा साधारण ७० लिटरचा; स्टीलची घनता ७.८५. गुणाकार बिनचूक होता. त्याचं मटेरियल कुणी भरलं नव्हतं, म्हणून एम.एस. त्याचं ड्रॉइंग कुणी काढलं नव्हतं, म्हणून बाय-आउट. माझं लॉजिक खरोखरच क्लिअर होतं.

‘पण बीओएममधून आपण त्याला काढला होता ना?’ मी पोराला विचारलं. काढला होता, पण ड्रॉइंग शीटवरच्या तक्त्यातून. ती ओळ दिसायची बंद केली की आमच्या लेखी माणूस गेला. जोडणी करणारं सॉफ्टवेअर शीटकडे ढुंकूनही बघत नाही; ते असेंब्लीचं झाड वाचतं आणि झाडावर माणूस ठामपणे बसलेला. पार्टवरच ‘बीओएममध्ये धरू नये’ अशी खूण करायची सोय कॅडमध्ये असते. ती आम्ही कधी वापरली नव्हती, कारण आजवर शीट माणसंच वाचत होती.

बरं, जे नको ते आलं. जे हवं ते गायब. मॉडेलमध्ये गिअरबॉक्सचं तेल कोण काढतं? ग्रीस, लॉकटाइट, रंग, केबल टाय, यातलं काहीच बीओएममध्ये नव्हतं. असेंब्लीचे फिटर तेल मागायला गेले तर काका म्हणाले, ‘सिस्टिममध्ये नाही. साहेबांना सांगा तेल डिझाइन करायला.’ हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, आणि स्टोअरचा आवाज कॅन्टीनपर्यंत जातो.

तेल, ग्रीस हाताने भरून घेतलं. माणूस काढायला गेलो तर डिलीटचं बटण करडं. रिलीज झालेला पार्ट पुसता येत नाही, इतिहास राहिला पाहिजे, आणि डेमोमध्ये याच गोष्टीला मी मान डोलावली होती. रीतसर ईसीएन, म्हणजे डिझाइनमधल्या बदलाची नोटीस, काढा. असेंब्ली चेक-आउट करायला गेलो तर ती आमच्या डिझायनरच्या नावावर अडकलेली, आणि तो गणपतीला कणकवलीच्या पुढे, नेटवर्क नसलेल्या गावात. त्याची वाट पाहिली. आरत्या आटोपून तो आला, फाइल सोडली.

ईसीएनच्या फॉर्मवर प्रश्न: स्टॉकमध्ये असलेल्या मालाचं काय करायचं? पर्याय तीन. आहे तसा वापरा, रीवर्क करा, भंगारात काढा. आपण एका कष्टकरी माणसाबद्दल ठरवतोय असं वाटून हात जरा थांबला, पण रकाना सक्तीचा होता. ‘भंगार’ निवडलं. पुढचा प्रश्न: बदलाचं कारण? गिऱ्हाइकाची मागणी, क्वालिटीची तक्रार, कॉस्ट रिडक्शन. ‘डिझाइन हेडचा गाढवपणा’ यादीत नव्हतं. गिऱ्हाइकाला यात ओढायचं नव्हतं, क्वालिटीवाल्यांना मधे घेतलं तर ते माणसाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट मागतील. राहिलं कॉस्ट रिडक्शन. तेच टिचकावलं आणि सुटलो.

महिन्याचा रिपोर्ट पीएलएम स्वतःच काढून वरपर्यंत पाठवतं. मधे माणूस नाही. साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. ‘बघा, सिस्टिम आली आणि एका मशीनमध्ये ५५० किलो मटेरियल वाचलं. यांनीच आणली.’ टाळ्या पडल्या. परचेसच्या मॅडम सगळ्यांत जोरात वाजवत होत्या. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात समोसे आले.

एप्रिलमध्ये नवीन केआरए, म्हणजे वर्षभराच्या उद्दिष्टांचा कागद, हातात पडला. डिझाइन हेड: दर मशीनमागे किमान ५०० किलो वजन कमी करणे. आमच्या सगळ्यांत लहान मशीनचं वजन ४८० किलो आहे.