येऊ द्या, येऊ द्या... बस्स!

ताशी १३५ किलोमीटर धावू शकणारी माझी लाल मोटारसायकल गेली, तेव्हा तिचा वेग ताशी शून्य होता. सोसायटीच्या आवारात, टाकीशेजारी, साइड स्टँडवर ती मुकाट उभी होती. पाण्याचा टँकर मागे येत होता. क्लीनर 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होता आणि 'बस्स' म्हणायला त्याला जरासा उशीर झाला. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने आधी टँकरचा बंपर तपासला, मग गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "साहेब, एवढी भारी गाडी अशी उघड्यावर लावतात होय?"

पुण्यात टँकरवाल्याशी भांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करायची असते.

विमा कंपनीचे सर्वेअर तिसऱ्या दिवशी आले. गृहस्थ अबोल. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि वर्कशॉपचं इस्टिमेट मागितलं. इस्टिमेट होतं ८६,४०० रुपयांचं. फेअरिंग, पुढचे फोर्क, रेडिएटर, अलॉय व्हील, हेडलाइट, टाकी. स्पोर्ट्स बाइक म्हणजे इंजिनाभोवती गुंडाळलेलं महागडं प्लॅस्टिक, हे ज्ञान मला त्या कागदाने दिलं. त्यातही प्लॅस्टिकच्या आणि रबरी भागांवर विमा कंपनी निम्मा घसारा कापते. तो कापला जाऊ नये म्हणून 'झिरो डेप' नावाची वेगळी सोय असते. ती मी घेतली नव्हती. तेवढ्यात एका कुटुंबाची मिसळ होते, असा हिशेब तेव्हा केला होता.

पण घसाऱ्याची वेळच आली नाही. सर्वेअर म्हणाले, "टोटल लॉस."

त्याचं गणित असं. गाडीची मूळ किंमत १,८०,००० रुपये. गेल्या वेळी पॉलिसी नवी केली तेव्हा ती चार वर्षांची होती. कोष्टक सांगतं की तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत ४० टक्क्यांनी कमी धरायची. उरले १,०८,०००. हाच तो आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीला मान्य असलेली गाडीची लायकी. दुरुस्तीचा खर्च या लायकीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी मेली असं समजायचं. माझ्या बाबतीत ती रेषा होती ८१,०००. गाडी ५,४०० रुपयांनी मेली.

मी म्हटलं, "अहो, पण दर रविवारी शाम्पूने धुतलेली गाडी आहे. पावसात कधी काढली नाही. चार वर्षांत फक्त ११,००० किलोमीटर."

"त्याचा कॉलम नसतो," सर्वेअर म्हणाले.

खरंच नसतो. त्या कोष्टकात फक्त वय असतं. जेवणाचे डबे पोचवत लाखभर किलोमीटर फिरलेली गाडी आणि मलमलीच्या फडक्याने पुसलेली गाडी, दोघींची किंमत सारखीच घसरते. दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. तिथून पुढे वाहनाची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. हे मी घरी वाचून दाखवलं. बायको माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मला सेहेचाळिसावं चालू आहे.

चार वर्षं क्लेम न केल्याचं जे पुण्य साठलं होतं, प्रीमियममध्ये ४५ टक्के सूट, ते त्या टँकरखाली शून्य झालं. पॉलिसी घेताना 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचा एक चौकोनही होता. त्यावर टिचकी मारली असती तर खरेदीची पूर्ण किंमत परत मिळाली असती. एजंटने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मी काय गाडी आपटणार आहे का?" शब्दाचा पक्का निघालो, मी नाहीच आपटली. शेवटी सक्तीचे १०० रुपये कापून १,०७,९०० रुपये मंजूर झाले. भंगार घेणारा आला. मी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. टेम्पोत चढवताना तिचा एक आरसा निखळून खाली पडला. तो मी ठेवून घेतला. का, ते मला विचारू नका.

आता नवी गाडी.

एवढं सोसल्यावर नवी गाडी निवडताना तरी मन मारायचं नाही, असं मी ठरवलं. इथून पुढे दोन महिने घरात, ऑफिसात, लिफ्टमध्ये, एका बारशात आणि एका दहाव्याला मला एकच प्रश्न विचारला गेला. गाडीचं नाव कुठलंही सांगा, ताकद सांगा, सहा गिअर सांगा. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे. ॲव्हरेज किती देते?" या राज्यात रॉकेट विकायला आणलं तरी पहिलं गिऱ्हाईक हेच विचारेल. मला या प्रश्नाचा तिटकारा आहे. वेगाच्या देवतेपुढे उभं राहून रॉकेलचा भाव विचारणारी ही माणसं!

वडिलांनी मात्र हा प्रश्न विचारला नाही. त्यांच्या पिढीने चेतकसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. ते म्हणाले, "आमच्या वेळी गाडी निवडायची भानगड नव्हती. नंबर लावायचा आणि मुलगी झाली तर तिच्या लग्नापर्यंत मिळेल असं धरून चालायचं. आता परत चेतक निघाली आहे म्हणे, विजेवरची. ती घे. टँकर अंगावर आला तरी तिच्यात पत्रा आहे."

मी एक्सेल शीट केली. सुशिक्षित मराठी माणूस मोहाला बळी पडायच्या आधी एक्सेल शीट करतो. पहिल्या ओळीत यामाहाची आर-१५. ही २००८ साली आली तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि माझ्याकडे पैसे नव्हते. आता पैसे आहेत, पण तिच्यावर बसलं की मी अर्ध्या साष्टांग नमस्कारात जातो. हँडल खाली, पाय मागे, मान वर. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, ही रेसिंग पोश्चर आहे." मला सांधेदुखीच्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता आठवला. त्यातलं 'असे बसू नये' असं लिहिलेलं चित्र हेच होतं.

दुसरी करिझ्मा. २००३ ची नव्हे, २०२३ मध्ये नव्याने आलेली, २१० सीसीची. जुन्या करिझ्माच्या जाहिरातीत हृतिक रोशन होता आणि तेव्हा आम्ही सगळे मित्र आरशासमोर हृतिकच होतो. नाव तेच म्हणून हृदय हललं. पण कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नावाची दुसरीच बाई भेटावी, तसं झालं. तिचा दोष काहीच नव्हता.

मग वरचा वर्ग. केटीएमची आरसी ३९०. नाव ऑस्ट्रियाचं, जन्म चाकणचा. ॲप्रिलियाची आरएस ४५७. नाव इटलीचं, कारखाना बारामतीत. २०२३ च्या डिसेंबरात ती ४ लाख १० हजारांना बाजारात आली. इटलीचा वेगाचा वारसाही शेवटी बारामतीमार्गेच महाराष्ट्रात येतो, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. इथे मात्र सरकार आडवं आलं. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के. म्हणजे ३५० सीसीपर्यंत माणूस नोकरदार असतो, त्यापुढच्या पहिल्या सीसीला तो चैनी होतो. तंबाखूच्या पंक्तीत बसून मला गाडी घ्यायची नव्हती. शिवाय १,०७,९०० ला चाराने गुणल्याशिवाय ती येतही नव्हती.

तोवर बायकोने एक्सेल शीटमध्ये स्वतःचा कॉलम घातला होता. 'मागे कोण बसणार?' या गाड्यांची मागची सीट पोळपाटाएवढी असते आणि पुढच्यापेक्षा वीतभर उंच. "शिडी न लावता माळ्यावर चढल्यासारखं वाटतं," ती म्हणाली, "आणि वर काही नसतंच, नुसती खाली पडायची भीती." तिला मी साडीगार्ड दाखवलं. मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे, म्हणून रेसट्रॅकचं रक्त सांगणाऱ्या या गाड्यांच्या डाव्या कुशीलाही ते असतं. या देशाचं सगळं शहाणपण मला त्या साडीगार्डात दिसतं. पुढून गाडी मोटोजीपीची, मागून हळदीकुंकवाला निघालेली.

आणि ही गाडी पळवायची कुठे? महापालिकेच्या हद्दीत दुचाकीला कमाल ६० आणि चौपदरी महामार्गावर ८० ची मर्यादा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. आमच्या रस्त्यावर तर ६० ही मर्यादा नसून महत्त्वाकांक्षा आहे. मी पाच टेस्ट राइड घेतल्या. प्रत्येक वेळी शोरूमचा मुलगा मागे बसलेला, तीन स्पीडब्रेकर, एक खोदकाम आणि 'सर, इथून यू टर्न'. पाचही गाड्या मी दुसऱ्या गिअरमध्ये चालवल्या. दुसऱ्या गिअरमध्ये सगळ्या सारख्याच छान असतात.

एका मित्राने जुनी गाडी सुचवली. जुन्या गाडीच्या जाहिरातीत मालक नेहमी डॉक्टर असतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी विकलेल्या सगळ्या एकहाती गाड्या मोजल्या, तर ते दवाखान्यात कधी बसतात हा प्रश्न पडेल.

निर्णय शेवटी कपाटाने केला. दिवाळीची साफसफाई करताना बायकोने विचारलं, हे सगळं टाकायचं का? आत माझ्या गेलेल्या गाडीचं पावसाळी कव्हर होतं, मापाचं शिवलेलं. न वापरलेली क्लच लिव्हर, पॅडॉक स्टँड, चेन साफ करायचा ब्रश, लाल रंगाची टचअपची बाटली आणि तो आरसा. मी एक्सेल शीट बंद केली आणि तेच मॉडेल, तोच लाल रंग बुक केला. दोन महिन्यांचा अभ्यास कव्हरच्या मापाने संपला. झिरो डेप घेतलं, रिटर्न टू इनव्हॉइस घेतलं. एजंट म्हणाला, "साहेब, आता गाडी बिनधास्त आपटा." गाडी मी आता टाकीपासून दूर लावतो, वॉचमनच्या खोलीला चिकटवून. टँकर आला की वॉचमन मला फोन करतो.

गेल्या मंगळवारी स्वारगेटच्या सिग्नलला उभा होतो. शेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली. टाकी लाल, डावं फेअरिंग काळं, उजवं फेअरिंग नाहीच. पुढचं चाक कुठल्या तरी वेगळ्याच गाडीचं. वर तीन पोरं. नंबर पाहिला आणि पोटात गोळा आला. बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरून घेतलेला माझाच नंबर. मेलेली गाडी माझ्याशेजारी उभी राहून धूर सोडत होती. एक आरसा अजूनही नव्हता.

सिग्नलला ४० सेकंद होते. त्या पोराला खूप काही विचारायचं होतं. किती खर्च आला, फोर्क कुठे सरळ केले, त्रास तर देत नाही ना. माझ्या तोंडून निघालं, "ॲव्हरेज किती देते?"

"पन्नास," तो म्हणाला.

मला तिने कधी ४२ च्या वर दिलं नव्हतं.