आधी थांबा बांधा, मग बस आणा

जळगावला पीएम ई-बस सेवा योजनेत ५० बस मंजूर आहेत. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरासाठी १० हजार विजेच्या बसची ही योजना जाहीर केली. तेव्हापासून गावात बसचा विषय निघाला की बोलणं डेपो कुठे आणि चार्जिंग कुठे यावरच येऊन थांबतं. मला वेगळंच विचारायचं आहे. आकाशवाणी चौकात ही बस नेमकी कुठे थांबणार? चढणारी बाई कडेवर लेकरू घेऊन कुठे उभी राहणार? आणि उतरल्यावर तिला समोरच्या बाजूला जायचं असेल, तर ती रस्ता कुठून ओलांडणार?

याची उत्तरं नकाशावर काढून दाखवता येत नसतील, तर बस येऊनही शहराला बससेवा मिळणार नाही.

आकाशवाणी चौकातून जाणारा हा रस्ता शहरासाठी बांधलाच नव्हता. सुरतेहून धुळे, जळगाव करत नागपूर आणि पुढे कोलकात्याकडे जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग, आधीचा ६ क्रमांकाचा, या भागात आता ५३. शहर त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलं. घर एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, दवाखाना पलीकडे. ट्रकखाली माणसं गेली. समांतर रस्त्यांसाठी जळगावकर वर्षानुवर्षं भांडले. मग खोटेनगर ते कालिकामाता मंदिर या पट्ट्यात चौपदरीकरण झालं, प्रभात चौकात भुयारी मार्ग आला, आकाशवाणी आणि इच्छादेवी चौकात मोठी सर्कल आली. गाड्यांची सोय झाली. पण सिग्नल नसलेल्या सर्कलभोवती गाड्या कधीच थांबत नाहीत. म्हणजे पायी चालणाऱ्याची पाळी येतच नाही. त्याने हात दाखवायचा आणि पळायचं. सत्तरीतल्या माणसाने पळायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. या दोघांना जोडा, निम्म्याहून कितीतरी जास्त होतात. गाडीचा पत्रा ज्यांच्याभोवती नाही, तेच जास्त मरतात. आणि जळगाव-धुळ्यात बहुतेक माणसं तशीच फिरतात.

आता पाळधी ते तरसोद बाह्यवळणामुळे अवजड वाहतूक शहराबाहेरून काढता येते. जुना महामार्ग जळगावच्या हातात येण्याची ही वेळ आहे. पण महामार्ग बाहेर गेला की रस्ता आपोआप शहराचा होत नाही. हे बघायला लांब जायला नको, धुळ्याला जा.

मुंबई-आग्रा मार्ग एके काळी धुळ्याच्या मधोमध जायचा. तो बाहेर गेला आणि आत उरला तो आग्रा रोड. आखीव शहर म्हणून धुळ्याचं नाव आहे. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये खानदेशाचं ठाणं इथे आणलं, सरळ रेषेतली पेठ उभी राहिली, गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात. अशा गावातल्या मुख्य रस्त्यावर आज संध्याकाळी चालून बघा. दुकानासमोर दुचाक्यांची रांग, तिच्यापुढे हातगाड्यांची रांग, हातगाडीपुढे गिऱ्हाईक, आणि उरलेल्या पट्टीत रिक्षा, सायकल, म्हातारी माणसं, सगळीच. ट्रक गेले तेव्हा मोकळी झालेली जागा कोणालाच नेमून दिली नाही. मग ती ज्याला लागली त्याने घेतली. अतिक्रमणाची गाडी येते, चार दिवस रस्ता मोकळा दिसतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

यात हातगाडीवाल्याला गुन्हेगार ठरवणं मला मान्य नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण करा, समिती नेमा, त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे घ्या आणि विक्रीची जागा ठरवून द्या. जागा ठरवून दिल्याशिवाय हुसकावलं तर तो परत येणारच, त्याच्या घरी चूल आहे. उलट दुकानदाराची मोटरसायकल सकाळी दहा ते रात्री नऊ एकाच जागी उभी असते, तिला कोणी हुसकावत नाही. रस्त्याची सर्वात महाग जागा सर्वात फुकट वापरते ती ही उभी गाडी.

आणि धुळ्याला बसची गरज नाही असं कोणी म्हणू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय शहराबाहेर चक्करबर्डीला आहे. देवपूरची कॉलेजं पांझरा नदीच्या पलीकडे. साक्रीहून, शिंदखेड्याहून एसटीने आलेला पेशंट स्टँडवर उतरतो आणि तिथून पुढे रिक्षाच्या हवाली होतो. जळगावातही तेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. एरंडोलची, पाचोऱ्याची बाई निम्म्या पैशात जळगावच्या स्टँडवर येते. पुढे सीटवर बसायचं तर रिक्षा भरेपर्यंत उभं राहायचं, स्पेशल करायची तर वाचलेले पैसे तिथेच संपतात. बांभोरीच्या विद्यापीठात जाणाऱ्या पोरींना विचारा, एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला विचारा. राज्य सरकारने दिलेली सवलत शहराच्या वेशीवर येऊन थांबते.

आता बसचा हिशेब करू, कारण महापालिकेत हा हिशेब मांडलेला मला दिसत नाही. दहा किलोमीटरचा मार्ग घ्या. बस ताशी २० किलोमीटरने चालली तर जाऊन-येऊन एक तास. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर सहा बस पुरतात. तीच बस उभ्या रिक्षांमागे आणि आडव्या लावलेल्या दुचाक्यांमागे अडकून ताशी १० ने चालली, तर फेरीला दोन तास आणि बस लागतात बारा. प्रवासी तेवढेच, सेवा तेवढीच, खर्च दुप्पट. म्हणजे रस्ता जसा आहे तसाच ठेवला तर ५० बसमधून २५ बसचं काम निघेल. मग दोन वर्षांनी कोणीतरी उभं राहून सांगेल की जळगावात बस चालतच नाही, तोटा होतो. शहर बस इथे पूर्वीही आली आणि बंद पडली. पुन्हा तसं झालं तर दोष प्रवाशाला देऊ नका.

काहींना लगेच बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आठवेल. नको. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर ती सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध थांबे आले, पण तिथवर चालत सुरक्षित पोचायची सोय आधी झाली नव्हती. पुढे २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा बीआरटीचा तुकडा उखडण्यात आला. मधली मार्गिका राखणं हे काम जळगावच्या आकाराच्या गावाला परवडणारं नाही आणि लागणारंही नाही. आपल्याला डावी कड मोकळी हवी, बस.

डावी कड म्हणजे काय ते नीट सांगतो. थांबा चौकाच्या अलीकडे नको, पलीकडे हवा. अलीकडे असला की थांबलेल्या बसमागे सगळा चौक तुंबतो, आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडणारा माणूस मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही. थांब्यासाठी रस्त्याला खाच पाडू नये. खाचेत शिरलेल्या बसला परत बाहेर येऊ देत नाहीत आणि रिकाम्या खाचेत रिक्षा लागतात. त्याऐवजी फुटपाथच थांब्यापाशी पुढे आणावा, बस आपल्या रांगेतच थांबेल, मागचे दहा सेकंद थांबतील. काही बिघडत नाही. फुटपाथ किमान १.८ मीटर सलग मोकळा, हे इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, आणि त्यात डीपी, होर्डिंगचा खांब, पानटपरी धरायची नाही. प्रत्येक थांब्यापाशी ओलांडायची जागा, तीही दुभाजकात उभं राहायला चौथरा ठेवून, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. ओलांडायचे पट्टे नुसते रंगवू नयेत, रस्त्यापेक्षा उंच बांधावेत. गाडी आपोआप हळू होते, पोलीस असो वा नसो.

आणि सावली. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. स्टीलचं छत आणि स्टीलचं बाकडं टाकून त्याला थांबा म्हणणं हा खानदेशी माणसावर अन्याय आहे. दुपारचं ऊन कुठून येतं हे बघून आडोसा करावा, शेजारी कडुनिंब लावावा, पाण्याची सोय ठेवावी. पहिली तीन वर्षं निंबाला पाणी घालायचा ठेका थांब्याच्या ठेक्यातच धरावा.

व्यापारी विरोध करतील, हे गृहीत धरू. दारासमोरची पार्किंग गेली तर गिऱ्हाईक जाईल ही त्यांची भीती खरी आहे, तिची टर उडवू नये. पण जळगावच्या फुले मार्केटात येणारं सगळं गिऱ्हाईक चारचाकीतून उतरत नाही. बसमधून उतरणाऱ्या चाळीस जणांसाठी चाळीस गाड्यांची जागा लागत नाही. दुकानदारांनी एक शनिवार आपापल्या गल्ल्यावर बसून मोजावं, कोण कशाने आलं ते.

कोट्यवधींची निविदा काढायच्या आधी रंग, प्लास्टिकचे खांब आणि बॅरिकेड एवढ्यावर हे करून बघता येतं. आकाशवाणी चौक ते इच्छादेवी चौक पंधरा दिवस, आणि धुळ्यात आग्रा रोडच्या एका तुकड्यावर पंधरा दिवस. आधी आणि नंतर रिक्षाला, एसटीला तेवढं अंतर कापायला किती वेळ लागला तो लिहा, रस्ता ओलांडायला माणूस किती वेळ खोळंबला तो लिहा, आणि आकडे महापालिकेच्या दारावर लावा. जे जमलं नाही ते बदला, खांब हलवायला तासभर लागतो. मग बसच्या मार्गांचा ठराव महासभेत येईल, तेव्हा त्याच ठरावाला प्रत्येक थांब्याचा नकाशा आणि त्याच्यापाशी रस्ता ओलांडायची जागा जोडलेली असावी. ज्या थांब्याला ती जोडलेली नाही, तो थांबा नगरसेवकांनी मंजूर करू नये.