फुल हुकअप

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात जसा एक नाटकवाला आणि एक ढोल-ताशावाला असतो, तसा एक आरव्हीवाला, म्हणजे चाकांवरचं घर भाड्याने घेऊन हिंडणारा, असतोच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आलेला हा गृहस्थ बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत तुम्हाला गाठतो आणि जुलैतल्या सहलीचा तक्ता फोनवर दाखवतो. तुमच्या तोंडात तिळगूळ असतो, त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

एरवी मंडळाच्या पार्किंगमध्ये कोरोला लावताना त्याला दोन माणसं ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला लागतात. पण तीस फुटी आरव्ही चालवायला बहुतेक राज्यांत साधं लायसन पुरतं, हा अमेरिकेचा मोठेपणा. गाडीला तो गाडी म्हणत नाही, ‘रिग’ म्हणतो. आरव्हीने हॉटेलचे पैसे वाचतात, हा त्याचा सिद्धांत. भाडं, मैलामागचा आकार, जनरेटरचा तासाचा दर, हे सगळं धरूनही वाचतात. गॅलनला आठ-दहा मैल देणाऱ्या गाडीचं पेट्रोल तेवढं तो धरत नाही. ‘ते कुठेही लागलंच असतं.’

शिकागोचा असेल तर तो इंटरस्टेट 90 धरतो आणि साउथ डकोटा गाठतो. वाटेत प्रेक्षणीय स्थळाची तपकिरी पाटी दिसली की रिग वळलीच. मिचेल गावचा कॉर्न पॅलेस घ्या. 1921 सालच्या या इमारतीच्या भिंतींवर रंगीबेरंगी कणसांची चित्रं रचलेली असतात. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी खिडकीतूनच विचारतात, ‘आणि पाखरं काही बोलत नाहीत?’ पाखरं बोलत नाहीत, खातात.

पुढे शेकडो मैल वॉल ड्रगच्या पाट्या. 1931 साली टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने वॉल नावाच्या आडगावात औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. 1936 मध्ये डोरोथीबाईंनी रस्त्यावर ‘फुकट बर्फाचं पाणी’ अशा पाट्या लावायला सुचवलं आणि दुकान जे चाललं ते आजतागायत. आजींना हे पटत नाही. ‘पाणी पाजायचं आणि त्याची जाहिरात? आमच्याकडे पाणपोईवर फार तर कुणाच्या तरी स्मरणार्थ लिहितात.’ एवढं बोलून त्या सगळ्या बाटल्या भरून घेतात.

बॅडलँड्सचे झिजलेले, पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर अर्ध्या तासात होतात. माउंट रशमोरला त्याहून थोडा जास्त वेळ. चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे समोर, आणि मागे मोठी मुलगी फोनमधून वाचून दाखवतेय की हे ब्लॅक हिल्सचे डोंगर 1868 च्या तहाने लाकोटा या मूलनिवासी लोकांकडे राहायचे होते, सोनं सापडल्यावर काढून घेतले, 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई देऊ केली तरी लाकोटांनी पैशाला हात लावला नाही. ‘बाबा, ऐकताय ना?’ बाबांचं लक्ष घड्याळाकडे. कॅम्पग्राउंडवर अंधारापूर्वी पोचायचंय. नीडल्स हायवेवरचा जेमतेम आठ फुटी बोगदा तेवढा तो स्वतःहून सोडतो आणि त्या त्यागाबद्दल दोन दिवस बोलतो.

कारण स्थळं हे निमित्त आहे. खरी सहल संध्याकाळी सुरू होते. फुल हुकअप! वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही एका जागी. तो खाली उतरतो, गवंड्यासारखी पाणसळ ठेवतो, चाकांखाली ठोकळे सारतो. ‘एक पॉइंट डावीकडे!’ फ्रीज सपाटीवर नसला तर बिघडतो, हे पोरांना आता पाढ्यांसारखं पाठ आहे. मग तीस अँपचा प्लग. एसी चालू असताना कुणी मायक्रोवेव्ह लावला की सगळा अंधार, आणि अंधारात त्याचा आवाज : ‘मी काय सांगितलं होतं?’ आत आजी गॅसवर फोडणी टाकतात. मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलायला लागतो आणि सून टॉवेलने छताला वारा घालते. घर सोडून लांब जायचं म्हणून निघालेली ही मंडळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात. फक्त इथे शिट्टी झाली की पलंगही हलतो.

सकाळी डंप स्टेशन. पुण्याच्या घरी ज्याने कधी नळाचा वॉशर बदलला नाही, तो इथे कोपरापर्यंत हातमोजे चढवून जाड नळी जोडतो. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची. मग ग्रे टँक, म्हणजे आंघोळीची आणि भांड्यांची. क्रम उलटा करायचा नाही, कारण दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे तो ज्या गांभीर्याने समजावतो, त्या गांभीर्याने त्याने सत्यनारायणाची पूजासुद्धा सांगितली नसती. घरदार विकून कायमचं रिगमध्ये राहणारं एखादं निवृत्त अमेरिकन जोडपं शेजारी असतंच. वीस वर्षं ऑफिसात कुठल्या अमेरिकनाशी हवामानापलीकडे न बोललेला हा माणूस त्या आजोबांशी तासभर व्हॉल्व्हवर बोलतो. निघताना ते त्याच्या खांद्यावर थाप मारतात. ग्रीन कार्ड आलं त्या दिवशीही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता.

टाक्यांमुळे घरात शिस्त आली आहे. आंघोळ दोन मिनिटांत. साबण लावताना नळ बंद. फुल हुकअप असेल तेव्हाही बंद, सवय मोडू नये म्हणून. बाहेर उभा राहून तो दारावर टकटक करतो आणि आतून आजी म्हणतात, ‘अरे, अजून डोक्यावर तांब्या नाही घेतला!’

परतल्यावर बायको शांतपणे ठराव मांडते. ‘अहो, पुढच्या वर्षी तुम्ही रिगने पुढे जा. आम्ही मागून मोटारीने येतो, हॉटेलात उतरतो, आणि संध्याकाळी तुम्हाला भेटायला येतो.’

तो रागावत नाही. क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, ‘चालेल. ग्रे टँक आठवडाभर पुरेल.’