कॉर्डचे शुद्धलेखनवाले

लग्नपत्रिका हातात पडताच वधूवरांच्या आधी ‘आशीर्वाद’मधली वेलांटी तपासणारे काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांचा पुतण्या गिटार शिकतो आणि एखाद्या हौशी ऑर्केस्ट्रात शिरतो. पुढचं ऑर्केस्ट्राने भोगायचं.

गाणं एफ मेजरमध्ये. कुणीतरी मोबाइलवरून घाईघाईत कॉर्ड उतरवून आणलेले. दुसऱ्याच ओळीला यांचा हात वर जातो. “इथे ए शार्प कुणी लिहिलं?”

कीबोर्डवाला म्हणतो, “तीच काळी पट्टी ना?”

“पट्टी तीच हो, पण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं. ए येऊन गेला. आता पुन्हा ए शार्प लिहिलंत, तर बीने जायचं कुठे? बी फ्लॅट लिहा.” आणि पेन्सिल काढून सगळ्यांचे कागद दुरुस्त केले जातात. तबलजीचासुद्धा.

गायक सांगतो, “माझी काळी दोन.” हे लगेच बजावतात, “डी शार्प म्हणायचं नाही हं! डी शार्प मेजर लिहायचा तर नऊ शार्प लागतात, त्यातले दोन स्वर डबल शार्प. ई फ्लॅटचं तीन फ्लॅटमध्ये भागतं.” गायक म्हणतो, “मी काळी दोन म्हणालो.” एव्हाना कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोझचं बटण तीनदा दाबून सी मेजर धरलेला असतो. त्यात शार्पही नाही, फ्लॅटही नाही.

कीबोर्डवाला अधूनमधून बाखचा दाखलाही देतो. १७२२च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’मधल्या आठव्या जोडीत प्रिल्यूड ई फ्लॅट मायनरमध्ये, तर फ्यूग डी शार्प मायनरमध्ये. “बाखला दोन्ही चाललं!” यावर उत्तर तयार असतं, “चाललं. पण एका रचनेत त्याने सरमिसळ केली का?”

पेटीवाले आजोबा समजूत घालतात. “आमच्याकडे रे, ग, ध, नी कोमल होतात, तीव्र होतो तो एकटा मध्यम. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. भातखंड्यांच्या लिपीत सगळं मिटलंय.”

“पण आजोबा, तुमचा सा कुठेही सरकतो!”

“म्हणूनच मिटलंय.”

हे मात्र त्यांना पटत नाही. यांना गप्प करायला गायिकाच यावी लागते. ती म्हणते, “मला काळी तीन द्या.” एफ शार्प मेजर धरला तर सहा शार्प, जी फ्लॅट धरला तर सहाच फ्लॅट. हे पेन्सिल धरून एकदा इकडचे मोजतात, एकदा तिकडचे. सहा-सहा. पुन्हा मोजतात.

तालमीतलं तेवढं एकच गाणं न थांबता शेवटपर्यंत जातं.